कॅन्सरच्या ओपीडीत बरा झालेला पेशंट 'सोबती' म्हणून बसवावा का?

खारघरकर
ठाणे-नवी मुंबईतल्या कॅन्सर रुग्णालयांनी उपचार पूर्ण केलेल्या पेशंटना नव्या पेशंटच्या मदतीला ओपीडीत रीतसर बसवावं, असं माझं ठाम मत आहे. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन झालं की जबडा आखडतो. तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडू लागलं की घास घेणंही अवघड. व्यायामाचा छापील कागद मिळतो, पण आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत कशा धरायच्या, ताण कुठवर सोसायचा, पुढची काडी कधी वाढवायची, हे ज्याने केलंय त्याने समोर करून दाखवावं.

आतड्याच्या ऑपरेशननंतर मळासाठी पोटावर लावतात त्या पिशवीचंही तेच. पिशवी चिकटवायच्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा, म्हणजे मळ बाहेर यायला पोटावर केलेल्या तोंडापेक्षा, २-३ मिलिमीटरच मोठं हवं. सैल राहिलं तर मळ कातडीला लागून ती सोलवटते. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. लोक पहिल्याच मापाने महिन्याभराच्या चकत्या कापून ठेवतात आणि मग पिशवी गळते म्हणून घराबाहेर पडणं सोडतात.

कळवा_नाका
काड्या आणि पिशवीपुरतं मान्य. पण गप्पा तिथे थांबत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त) असेल तर साधारण वर्षभर ट्रास्टुझुमॅब हे औषध, हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा) असेल तर पाच वर्षं किंवा त्याहून जास्त हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या, ट्रिपल निगेटिव्हला, म्हणजे यातलं काहीच नसलेल्याला, या दोन्हींचा उपयोग नाही. सोबतीण सहज म्हणते, 'माझं तर गोळीवर भागलं,' आणि नवी बाई केमोची तारीख चुकवते.

तापाचं तर विचारूच नका. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. 'मलाही यायचा, क्रोसिन घे' हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

खारघरकर
हा सल्ला आज व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिला जातोच, तोही कुणाच्या देखरेखीविना. सोबत्याला आधी शिकवा. औषध, डोस आणि 'किती दिवस आहेत' या तीन प्रश्नांवर एकच उत्तर: 'सिस्टरना विचारू या', आणि स्वतः उठून सिस्टरपर्यंत नेणं. ताप कळला की तोच नियम, थेट फोन. ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत टेरेस लॅसर यांनी १९५२ मध्ये स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी 'रीच टू रिकव्हरी' सुरू केलं ते याच पायावर.

ऐरोली_सेक्टर
दोघेही पैशाबद्दल बोलत नाही आहात. ठाण्याहून पनवेल लोकल, खारघरला उतरून रिक्षा, अर्धा दिवस गेला. हे फुकट कोण करणार? ज्याला परवडतं तोच. मग गुटख्याने जबडा गेलेल्या रिक्षावाल्यासमोर घरचं बरं असलेले निवृत्त काका बसणार. प्रवासखर्च आणि मानधन द्या, नाहीतर सुरूच करू नका. आणि महात्मा फुले योजनेचे कागद सोबत्याच्या गळ्यात मारू नका. त्याला आरोग्यमित्र नेमलेले आहेत.

कळवा_नाका
मानधनाला माझा पूर्ण पाठिंबा. पण जोडी लावणार कोण, हे खारघरकरांनी अजून सांगितलेलं नाही. चौथ्या स्टेजच्या पेशंटसमोर ठणठणीत झालेला माणूस बसवला तर त्याला धीर येत नाही, 'मीच कमी पडलो' असं वाटतं. आणि सोबत्याचाच आजार उलटला तर? त्याला पाहून हिंमत धरलेल्या लोकांना ते कोण सांगणार?

खारघरकर
जोडी लावायचं काम समुपदेशकाचं, आणि ती कॅन्सरच्या नावावरून लावू नये, ऑपरेशन, वय, स्टेज पाहून लावावी. सोबत्यांची महिन्यातून एक बैठक त्यानेच घ्यावी. आजार उलटला तर सोबत्याचं काम त्या दिवसापासून थांबतं आणि त्याच्या पेशंटना समुपदेशक स्वतः भेटून सांगतो. समुपदेशकाचं पद भरलेलं नसेल, तर कळवा_नाका, तुमचा विरोध मला मान्य आहे.