मेक्सिकोत हातकामाची गावं बघायची आहेत, वाहाका की तास्को? (सासूबाई बरोबर, प्युअर व्हेज)

राजेंद्रनगरवाली
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरात लेकीकडे ह्यूस्टनला चाललोय, तिथून सहा दिवस मेक्सिको करायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ७२, गुडघे ठीकठाक). बीच वगैरे अजिबात नको. मला मातीकाम, विणकाम, लाकडाचे ते रंगीत प्राणी हे सगळं जिथे बनतं तिथे जाऊन बघायचंय. जावई म्हणतो तास्को करा, चांदी मिळते, लेक म्हणते वाहाका. दोन्ही होईल का? आणि भाव करतात का तिकडे, की सांगेल ते द्यायचं, मला तर आपल्या इंदूरच्या राजवाडा बाजाराची सवय, अर्ध्यापासूनच सुरू करते. यूएसचा व्हिसा चालू असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही ते बघून ठेवलंय.

सुदामानगरी
ताई, दोन्ही नका करू, निम्मा वेळ बसमध्ये जाईल. मी मागच्या वर्षी आईला घेऊन वाहाकाला पाच दिवस होतो तरी एक गाव राहिलंच. (तिकिटावर ओअक्साका वाचाल, तेच ते.) तारखा ठरवायच्या आधी वार बघा, आपल्याकडे गावोगावच्या हाटाचा वार ठरलेला असतो ना तसंच आहे, वाहाकाच्या आसपासच्या गावांत बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला. पण आमचा जो घोळ झाला तो तुमचा नको. आम्ही त्लाकोलुलाच्या हाटात कलाकुसर शोधत फिरलो आणि समोर काय तर मिरच्यांचे ढीग, जिवंत टर्की, एप्रन, प्लास्टिकचे टब. मजा भरपूर पण तो त्यांचा घरच्या सामानाचा बाजार आहे, कलाकुसर असते पण शोधावी लागते. खरं काम बघायचं तर कारागिराच्या घरीच. महेश्वरला कसं, साडी दुकानातही मिळते पण मागाशेजारी बसून घेतली की गोष्टच वेगळी.

विणकामासाठी तेओतित्लान देल वाये, वाहाका शहरापासून ३० किलोमीटर. लोकरीचे गालिचे, घराघरात माग. एका घरी आजीबाई रंग करून राहिल्या होत्या, निवडुंगावरचे वाळलेले किडे तळहातावर चुरडले, गडद लाल झालं, मग लिंबू पिळलं तर तोच हात केशरी, आणि सोडा टाकला की जांभळा! आईने आधी टाळ्या वाजवल्या, मग "किडे" हा शब्द तिला कळला आणि हातातला लाल गालिचा गुपचूप खाली ठेवून तिने निळीचा घेतला. सगळेच गालिचे असे रंगवलेले नसतात हं, पुष्कळ केमिकलवाले असतात, विचारा. भाव थोडा विचारायला हरकत नाही पण राजवाडा नका करू, समोर बसून विणताना बघितल्यावर तोंडच उघडत नाही.

शुक्रवारी ओकोत्लान ठेवा, त्याच रस्त्यावर सान बार्तोलो कोयोतेपेक (काळी मडकी) आणि सान मार्तिन तिलकाखेते (कोपालच्या लाकडाचे प्राणी, त्यांना अलेब्रिखे म्हणतात) आहेत, एका दिवसात तिन्ही होतात.

तुळशीवाली_मनीषा
काळ्या मडक्यांबद्दल ऐकाच. चाक नाही, एका उपड्या बशीवर दुसरी बशी सुलटी ठेवून हातानेच फिरवतात, बघण्यासारखं आहे. मडकं पूर्ण वाळायच्या आत गारगोटीने घासतात म्हणून ती चमक, १९५० च्या सुमारास दोन्या रोसा नावाच्या बाईंनी ही पद्धत बसवली. मी मोठ्या हौसेने एक सुरई आणली, घरी पाणी भरून त्यात निशिगंध ठेवला आणि सकाळी बघते तर टीपॉयवर तळं. चकचकीत मडक्यात पाणी ठरतच नाही, ते शोभेचं. पाणी ठेवायचं तर बिनचमकीचं करडं घ्या, वाजवलं की टणटण वाजतं. आणि आत्सोम्पा गावची हिरवी भांडी वरण-भाताला घेणार असाल तर "सिन प्लोमो" विचारा, म्हणजे शिसं नसलेली. जुन्या झिलईत शिसं असायचं.

सराफा_रात्री_११
तास्कोची बाजू कोणीतरी घ्या रे. शनिवारचा चांदीचा बाजार म्हणजे आपला इंदूरचा सराफाच समजा, फक्त रात्री खायला गराडू (तळलेला कंद) नाही. ९२५ चा (अस्सल चांदीचा) शिक्का बघून घ्या. पण भिया, चढ असले आहेत की पांढऱ्या जुन्या फोक्सवॅगन टॅक्सीशिवाय सासूबाईंचं काही खरं नाही. तेवढ्यासाठी मीही वाहाकाच म्हणेन.

सुदामानगरी
व्हेजचं राहिलं. राजमा दिसला म्हणून खाऊ नका, फोडणी बऱ्याचदा डुकराच्या चरबीची असते, "सिन मांतेका" म्हणायचं. तिथलं चीज (केसियो) आणि मक्याच्या रोट्यांवर आमचं भागलं. आणि बाजारात टोपलीत तिखट-लिंबू लावलेलं लालसर कुरकुरीत काही दिसेल, आईला वाटलं नमकीन, चिमूटभर उचललंसुद्धा. टोळ होते. भाजलेले टोळ. हात धरला तेव्हा तोंडापासून चार बोटं लांब होता.

तुळशीवाली_मनीषा
१-२ नोव्हेंबर टाळा ताई, पितरांचा सण असतो, हॉटेलं मिळत नाहीत. तसं बघायला सुंदर, गावभर झेंडू, आणि झेंडू मूळचा तिकडचाच.

राजेंद्रनगरवाली
मंडळी खूप खूप आभार! दुसऱ्या आठवड्यात गुरुवार ते सोमवार बसवतेय, म्हणजे शुक्रवार-रविवार दोन्ही हाट आले. जावई रुसलाय, त्याला चांदीचं एक कानातलं वाहाकाहूनच आणू. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, टोळांपर्यंत आल्यावर उठल्या आणि ठेपल्याचं पीठ किती लागेल विचारून राहिल्यात.