पाटण्याचे भास्कराचार्य 'तुम्हाला माहीत आहे का?' मध्ये घ्यायचे की नाही?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आम्ही सहा-सात जण एका मराठी ऑनलाइन ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठावरचं 'तुम्हाला माहीत आहे का?' हे सदर चालवतो. मानधन कुणालाच नाही. कुणी शिक्षक, कुणी केळीवाला, मी दुकानाचं शटर ओढल्यावर रात्री बसतो. ह्या महिन्यात खान्देश घ्यायचा ठरला. एका वाक्यात मावेल आणि वाचणारा थबकून मूळ लेख उघडेल, अशी माहिती निवडायची हे आमचं काम.

आलेल्या वाक्यांत सगळ्यांत जास्त पसंती हिला मिळाली: "थोर गणिती भास्कराचार्य यांचा जन्म चाळीसगावजवळच्या पाटणे इथे झाला."

मी ते अडवलं. चाळीसगावचाच असून अडवलं, म्हणून गटातले दोघं माझ्यावर नाराज आहेत. तिथं भांडण्यापेक्षा इथं मोकळेपणानं बोलू म्हणून हा धागा.

भास्कराचार्यांनी आपला जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय. गावही सांगितलंय: सह्याद्रीजवळचं विज्जडविड. आता हे विज्जडविड म्हणजे आजचं कोणतं गाव, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी विजापूर म्हणतं, कुणी बीड, कुणी आपलं पाटणे. आपण पाटणे म्हणतो ते पाटणादेवीच्या देवळातल्या शिलालेखाच्या जोरावर. पण त्या लेखात जन्माबद्दल काहीच नाही हो. त्यात आहे ते असं: भास्कराचार्यांचे नातू चंगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. त्यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथं मठ काढला, आणि इथल्या निकुंभ सरदारांनी त्याला दान दिलं. साल १२०७.

आणि लेखाचा शेवट संस्कृतात नाही, जुन्या मराठीत आहे. पाटणच्या (म्हणजे आजच्या पाटण्याच्या) बाजारात जो माल विकायला उघडला जाईल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला, असं त्यात आहे. 'मढा दीन्हला' असे शब्द आहेत. शास्त्रार्थ संस्कृतात, पण बाजारातल्या माणसाला कळायचं ते मराठीत! आठशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगराच्या पायथ्याशी बाजाराच्या पैशावर गणित शिकवलं जात होतं. हे खरं आहे, दगडावर आहे आणि जन्माच्या वाक्यापेक्षा दसपट नवलाचं आहे. मग वादातलं वाक्य कशाला घ्यायचं?

एरंडोली

भाऊ, तुमचा अभ्यास मान्य. निवड मान्य नाही.

तुम्ही लिहिलेलं मी आवडीनं वाचलं, कारण मला आधीच त्यात रस आहे. ज्याला नाही त्याचं काय? मुखपृष्ठावर माणूस दोन सेकंद थांबतो. "भास्कराचार्यांच्या नातवानं मठ काढला" हे वाचून तो पुढं जाणार. "भास्कराचार्य खान्देशातले" म्हटलं की नाशिकचा, सोलापूरचा माणूससुद्धा 'खरंच का?' म्हणून लेख उघडणार, आणि तिथं तुम्ही शिलालेख सांगा, मतभेद सांगा, सगळं सांगा. दारातून आत आला तर घर बघेल ना?

दुसरं. आपल्या भागाला बाहेर ओळख काय आहे? केळी, भरीत, शेवभाजी आणि उन्हाळ्यातलं ऊन. एवढंच. माझा पुतण्या पुण्याला हॉस्टेलला आहे. जळगाव म्हटलं की त्याला तापमान विचारतात. अशा पोरांना मान वर करून सांगता येईल असं एक वाक्य मिळत असेल, तर 'असे मानले जाते' जोडून ते द्यायला हरकत काय? आमच्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांबद्दल एक हलवला की दुसरा हलतो असं सांगतात, तेही उद्या तुम्ही अडवाल.

अमळनेरचा मास्तर

नियमांबद्दल थोडं, कारण हे काम जगात आधी झालेलं आहे. इंग्रजी विकिपीडियावर हे सदर फेब्रुवारी २००४ पासून आहे. तिथं लेख सात दिवसांतला नवा किंवा पाचपट वाढवलेला लागतो (किंवा नुकताच चांगल्या लेखांत निवडलेला). वाक्य दोनशे अक्षरांच्या आत. वाक्यातली गोष्ट मूळ लेखात असलीच पाहिजे आणि तिथंच तिला संदर्भ हवा. आपलं वाक्य सुचवायचं तर दुसऱ्याचं एक तपासून द्यायचं, ही त्यातली मला सर्वांत आवडणारी अट. शाळेत आम्ही पोरांना एकमेकांच्या वह्या तपासायला देतो तसंच. दुसऱ्याची चूक शोधताना आपली दिसते.

'असे मानले जाते' ह्या तीन शब्दांना मात्र माझा कायमचा विरोध आहे. मानतं कोण? कधीपासून? ज्या वाक्याला कर्ता नाही त्याची जबाबदारीही कुणाची नाही. मुलं परीक्षेत 'असे मानले जाते' लिहितात तेव्हा त्यांना उत्तर येत नसतं.

अमळनेरचीच उदाहरणं देतो. इथं १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, कापूस-गिरणीच्या गावात तत्त्वज्ञानाच्या संशोधनाची संस्था. साने गुरुजी इथं शिकवत. आणि आज संगणकासाठी जगभर माहीत असलेली विप्रो १९४५ मध्ये इथंच वनस्पती तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली. तिन्ही गोष्टी कागदावर पक्क्या. कुठंही 'मानले जाते' लागलं नाही.

रावेरकर

विप्रोचं वाक्य नको. ती कंपनीची जाहिरात होते.

अमळनेरचा मास्तर

@रावेरकर, त्यात स्तुतीचा एक शब्द नाही. साल, गाव आणि धंदा, एवढंच. ह्यालाही जाहिरात म्हटलं तर अमळनेरच्या अर्ध्या इतिहासाला कुलूप लावावं लागेल.

पांझरेचं पाणी (धुळे)

मला दोन्ही बाजूंचं म्हणणं अर्धवट वाटतं. खरं-खोटं तपासायलाच हवं, त्यात वाद नाही. पण नवल *कुणाला* वाटायला हवं, हे कुणीच विचारत नाहीये.

साक्रीकडच्या माणसाला फड पद्धतीचं नवल नाही, आजा-पणजापासून बघतोय. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ह्या फडात ऊस तर सगळ्यांचा ऊस, म्हणजे पाणी एकाच वेळी, सारखं. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार, आणि हे सगळे शेतकऱ्यांनीच नेमलेले. सरकारी खातं नाही, मीटर नाही. काही शतकं चाललं. कमी पाण्याच्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा हे बसून ठरायचं, आणि प्रत्येकाची थोडी-थोडी जमीन सगळ्या फडांत असल्यानं तोटा एकट्याच्या डोक्यावर बसत नसे. हे शेवटचं नीट समजून घ्या. सगळी युक्ती तिथं आहे. आज पाणीवाटपावर एवढी भाषणं होतात, त्यांत हे क्वचित ऐकू येतं.

मी हे वाक्य गटाला सुचवलं होतं. उत्तर आलं, "ह्यात आश्चर्य काय? शेतीच तर आहे." मला फार लागलं ते. राजा, किल्ला, मोठं नाव असलं तरच आश्चर्य का? शेतकऱ्यांनी डोकं चालवून काही उभं केलं तर ती 'माहिती', आणि राजानं बांधलं तर 'नवल'?

मोठं नाव हवंच असेल तर घ्या: एम. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीच्या काळात धुळे भागात होते. पांझरेच्या खोऱ्यात दातर्तीला पाइपचा सायफन (पाणी पलीकडं नेणारी बंद नळी) त्यांनी केला. धरणांसाठी सगळा देश ज्यांना ओळखतो त्यांची सुरुवातीची कामं आपल्या पाटांवर झाली. पण मी तरी फडाचंच वाक्य आधी लावीन.

एरंडोली

@पांझरेचं पाणी, ताई, फडाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ते घ्यायलाच हवं. पण बघा, तुम्हीही लोकांनी ऐकावं म्हणून शेवटी विश्वेश्वरय्यांचं नाव आणलंच. मी भास्कराचार्यांचं आणतो ते त्याचसाठी.

पांझरेचं पाणी (धुळे)

आणलं, पण ते खरं आहे म्हणून आणलं.

रावेरकर

माझ्याकडून एक चूक झाली होती ती सांगतो, कारण इथं कामाची आहे. मी वाक्य दिलं होतं: "निरक्षर बहिणाबाईंनी अहिराणीत कविता लिहिल्या." तीन जणांनी पसंत केलं. मग यावलकडच्या एका आजोबांना दाखवलं, ते म्हणाले, "लेका, एका ओळीत दोन चुका." लिहिल्या नाहीत, रचल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, हे मीच त्याच वाक्यात म्हटलं होतं! जात्यावर, शेतात गाताना सुचायच्या, मुलगा सोपानदेव आणि घरातले उतरवून घेत. आणि बोली अहिराणी नाही, आमची लेवा गणबोली. आजोबांना तिचा फार अभिमान. पुण्या-मुंबईच्या माणसाला फरक कळणार नाही, पण ज्याची बोली आहे त्याला टोचणारच.

त्या गेल्या १९५१ च्या डिसेंबरमध्ये आणि कवितांचं पुस्तक निघालं १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आपल्या नावाचं पुस्तक त्यांनी हातात घेतलंच नाही. मी आता हेच वाक्य देतो. हे लिहिताना माझ्याच घशात आवंढा येतो.

सातपुड्याची लेक (नंदुरबार)

सगळं वाचलं. आता आमच्याकडूनही ऐका.

'खान्देश महिना' म्हणून जी यादी फिरतेय तिच्यात नंदुरबारची चार वाक्यं आहेत. काठी गावची होळी, सारंगखेड्याचा घोडेबाजार, तोरणमाळ, आणि जेम्स आउट्रमनं १८२५ मध्ये उभारलेली भिल्ल पलटण. पहिल्या दोनमध्ये आम्ही बघण्याची वस्तू, तिसऱ्यात आम्ही नाहीच, नुसता डोंगर, आणि चौथ्यात साहेबानं आम्हाला शिस्त लावली. एकही वाक्य खोटं नाही. मास्तर, तुमच्या सगळ्या अटींत ती बसतात, संदर्भासकट. तरी वाचून माझ्या आईनं फोन बाजूला ठेवला.

म्हणून मला वाटतं, 'खरं आहे का' एवढं विचारून भागत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना हे आपलं वाटेल का, तेही विचारा. काठीच्या होळीबद्दल लिहायचं तर दांडा कुठून आणतात, किती दिवसांचं व्रत-पालन असतं, ते करणाऱ्याला विचारून लिहा. 'आदिवासींची अनोखी होळी' हे वाक्य नको. अनोखी तुम्हाला. आम्हाला ती होळी आहे.

नंदुरबारचं द्यायचंच तर शिरीषकुमार द्या. सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा, शाळकरी पोरगं, गोळी लागून गेलं. चौकात स्मारक आहे. जिल्ह्याबाहेर किती जणांना ठाऊक आहे?

एरंडोली

@सातपुड्याची लेक, ताई, यादीत ती वाक्यं टाकणाऱ्यांत मी होतो. वाईट हेतू नव्हता, पण तुम्ही म्हणता ते वाचल्यावर दिसलं. होळीचं काढतो. माहिती द्यायला तुम्ही किंवा काठीचं कुणी तयार असेल तर लेख आधी नीट करू, वाक्य मागून.

केळफूल

एक विचारायचं होतं. बालकवींचं वाक्य कुणी दिलंय, "'बालकवी' ठोंबरे यांचा १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात मृत्यू झाला." खरं आहे, पण एवढंच लावायचं का? धरणगावला जन्मलेला, निसर्गावर इतक्या कोवळ्या कविता केलेला माणूस, वय अवघं सत्तावीस, आणि आपण लोकांना थबकवायला त्याचा अपघात वापरायचा?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

@केळफूल, ते मीही अडवलंय. जन्म धरणगावचा, एवढ्यावर दुसरं वाक्य करतोय.

@एरंडोली, दाराचा तुमचा दाखला मनात घोळतोय. दार आकर्षक हवं हे कबूल. पण दारावर एका घराचं नाव आणि आत दुसरं घर, असं झालं तर आलेला माणूस पुन्हा आपल्या दारात येणार नाही. आपल्या भागाबद्दल बाहेरचे कमी लिहितात, म्हणून आपण जे लिहू तेच पुढं कॉपी होत जातं. 'भारतात नर्मदा आणि तापी ह्या दोनच नद्या पश्चिमेला वाहतात' हे वाक्य बघा. मही आहे, साबरमती आहे, कोकणातल्या सगळ्या नद्या आहेत, तरी ते स्पर्धा परीक्षांच्या क्लासपर्यंत पोचलंय. एकदा सुटलेलं वाक्य परत आणता येत नाही.

माझ्याकडून नवं वाक्य, तपासून द्या:

"…की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं काढलेल्या मठाला चाळीसगावजवळच्या पाटणच्या बाजारातून पैसा मिळत असे, आणि हे १२०७ च्या शिलालेखात मराठीत कोरलेलं आहे?"

एरंडोली

लांब आहे. पण भास्कराचार्यांचं नाव सुरुवातीलाच आलंय आणि चाळीसगावही. लोक उघडतील. "मराठीत कोरलेलं" च्या आधी "शेवटी" घाला, नाहीतर अख्खा लेख मराठीत आहे असं वाटेल.

जन्माबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. विज्जडविड म्हणजे पाटणेच असं मला वाटतं. मूळ लेखात तिन्ही मतं संदर्भासह सारखी मांडा, एवढं तरी करा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

"शेवटी" घातलं. तिन्ही मतं घालतो. पाटण्याच्या बाजूचे संदर्भ तुम्हीच पाठवा, तुम्ही कसूर ठेवणार नाही.

अमळनेरचा मास्तर

तपासलं. चालेल. आता अटीप्रमाणे गिरणाकाठ यांनी कुणाचं तरी एक वाक्य तपासायचंय. फैजपूरचं पडून आहे: डिसेंबर १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू, आणि नगराची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू वगैरे तिथल्याच सामानातून केलेली. 'पहिलं' ह्या शब्दाला दोन संदर्भ हवेत.

पांझरेचं पाणी (धुळे)

आणि माझा फड?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, तो सोमवारी पहिल्या क्रमांकावर लावतोय. जागल्या, पाटकरी, हवालदार तिघांसकट. फक्त 'काही शतकं' ला संदर्भ द्या.