कल्चरमध्ये 'ईएसबीएल' आलंय, आईला ॲडमिट करावं लागेल का?

रानजाई:
आई ६८ वर्षांची, मधुमेही, मिरजेला एकटी असते. वर्षात तिसऱ्यांदा उन्हाळी लागली. आधी दोन्ही वेळा मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन आणलं, जळजळ थांबली की उरलेल्या गोळ्या डब्यात. यावेळी मी हट्टाने कल्चर (लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ती तपासणी) करायला लावलं. ई. कोलाय जंतू, मिलीलीटरला १ लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह, नऊ औषधांपुढे 'आर'. ताप नाही. शेजारच्या काकू म्हणतात, ॲडमिट करा. खरंच लागेल?

सूक्ष्मदर्शक:
ताई, वीस वर्षं लॅबमध्ये हेच बघतेय. 'आर' म्हणजे औषध चालत नाही, 'एस' म्हणजे चालतं. 'आर' मोजत बसू नका, 'एस' कुठे आहे ते बघा. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिनपुढे काय आहे?

ईएसबीएल म्हणजे जंतू सेफिक्झिमसारखी औषधं मोडणारं विकर तयार करतो. ती विद्या प्लास्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर) असते आणि जंतू ती शेजाऱ्यालाही देतो. त्याच प्लास्मिडवर बऱ्याचदा इतर औषधांवरचे तोडगेही असतात, म्हणून एवढे 'आर'. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन मात्र त्या विकराने मोडत नाहीत. पण नायट्रो लघवीत साठतं, किडनीत पुरेसं पोचत नाही. थंडीताप किंवा पाठीत कळ आली तर गोळीवर थांबू नका. क्रिएटिनिनही (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) डॉक्टरांना दाखवा.

आणि नमुना कशात दिला होता? एक आजोबा मधाच्या बाटलीतून घेऊन आले होते. तीन तऱ्हेचे जंतू उगवले, कशावर विश्वास ठेवायचा!

विसूभाऊ:
आमच्या वडिलांना कायमचा कॅथेटर (लघवीची नळी) आहे. दर महिन्याला कल्चर, दर महिन्याला जंतू, दर महिन्याला नवी गोळी. गेल्या खेपेला प्रोटियस नावाचा जंतू निघाला.

सूक्ष्मदर्शक:
नळी आहे तिथे जंतू राहणारच. ताप नाही, त्रास नाही, तर कल्चर कशाला? त्या गोळ्यांनी फक्त जंतू तरबेज होतात. प्रोटियसवर नायट्रो चालतच नाही, शिवाय तो लघवी अल्कधर्मी करून खडे धरतो. नळी सारखी तुंबत असेल तर डॉक्टरांना तेवढं जरूर सांगा.

रानजाई:
नायट्रो 'एस' निघालं, क्रिएटिनिन ठीक. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, ॲडमिट नाही. लघवी गडद पिवळी झाली म्हणून आई घाबरली, पण ते औषधाचंच म्हणे. जळजळ गेली तरी यावेळी पाचही दिवस घेतल्या, मी फोनवर मोजून घेतल्या. डब्यातल्या जुन्या टाकून दे म्हटलं तर म्हणाली, "असू देत गं, आल्यागेल्याला लागतात."