ज्याच्यावर राग धरला त्याचीच सेवा करावी लागली... तुमचे अनुभव सांगा

टेंबलाईवाडीची थोरली:
काल पवित्र गुरुवारची उपासना होती. प्रभू येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाळकसाहेब कमरेला टॉवेल गुंडाळून खाली बसले आणि मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतले. दरवर्षी बघते, पण काल त्या घमेल्यातल्या पाण्याचा आवाज आला आणि मी 2019 च्या ऑगस्टात जाऊन पोचले. रात्रभर झोप नाही, म्हणून इथं लिहिते.

माझी धाकटी जाऊ. सासूबाई गेल्या त्या दिवशी दफनभूमीवरून परत आल्यावर भरल्या घरात ती म्हणाली होती, "थोरलीनं हयगय केली म्हणून आई गेल्या." दोन वर्षं अंथरुणावर होत्या, मी त्यांचं सगळं केलं होतं. त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही. ती मराठी उपासनेला येते म्हणून मी संध्याकाळच्या उपासनेला जायला लागले. प्रभुभोजन घ्यायचे आणि घरी येऊन तिचं नाव निघालं की माझा हात थरथरायचा. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी समेट करून ये, हे बायबलातल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन संडे स्कूलच्या मुलांना मीच पाठ करून घेत होते!

मग पूर आला. तिचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, खालच्या अंगाला. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आणि त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं. आमचे हे जाऊन दिराला आणि तिला बोटीतनं काढून घेऊन आले. दारात उभी राहिली, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं ताठ झालेली. मी "या" म्हणाले, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर ती मोरीच्या कडेला बसून पदरानं पाय पुसत होती, माझी फरशी खराब होऊ नये म्हणून. पायाला चिखल्या झालेल्या. बोटांच्या बेचक्यात कातडं पांढरंफटक पडून सुटलेलं, आत लाल मांस. तिला पाऊल टेकवत नव्हतं. मी पाणी तापवलं, मीठ टाकलं, घमेलं घेतलं आणि खाली बसले. खरं सांगते, मनात प्रीती वगैरे काही नव्हती. समोर फाटलेले पाय होते आणि घरात ते धुणारी मीच होते.

डावी टाच हातात घेतली तर तिच्यावर जुना भाजल्याचा डाग. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात आम्ही दोघी करंज्या तळत होतो, तेव्हा तेल उडालं होतं. त्या रात्री कोरफडीचा गर मीच लावला होता. मी विसरले होते. त्या डागावर अंगठा फिरला आणि मला रडू कोसळलं. ती वरनं म्हणाली, "अक्का, पाणी लई गरम हाय."

सहा वर्षांनंतरचं तिचं पहिलं वाक्य.

त्या दफनाच्या दिवशीच्या बोलण्याचा विषय आजपर्यंत निघालेला नाही. मला तो काढावासाही वाटत नाही. काल चर्चमध्ये एवढंच डोक्यात होतं, की योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूला धरून देणारा शिष्य यहूदा उठून बाहेर जातो तो पाय धुऊन झाल्यानंतर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले होते.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा. ख्रिस्ती असा, नसा.

बावड्याचा भैय्या:
ताई, डोळ्यात पाणी आणलंसा. त्या टायमाला आमी शिरोलीत अडकल्यालो. हायवेवर पाणी, दोन्ही बाजूला ट्रकच्या रांगा. गावातल्या पोरांनी डायवर लोकांना भाकरी-पिठलं वाटलं रोज. ज्या पोराबरोबर माझी गणपतीत मारामारी झालेली, त्योच माझ्या शेजारी बसून कांदा चिरत हुता. चार दिवस एका चुलीवर. नंतर भांडायचं राहूनच गेलं बघा. चिखल्यांना मेंदी लावावी, आमची आई लावायची.

मिरजेची सिस्टर:
मेंदीनं कोरडं पडतं, पण जखम उघडी असेल तर मेंदी नको. पाय धुऊन बोटांच्या मध्ये पूर्ण कोरडं करायचं आणि बुरशीचं मलम. शुगर असणाऱ्यांनी तर घरी प्रयोग करूच नये. आणि पुराच्या पाण्यात फाटलेल्या पायांनी फिरल्यावर ताप आला तर लगेच दाखवा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातनं होणारा ताप) असू शकतो.

आता माझं. ड्युटीवर आहे, तुटक लिहिते. माझं ट्रेनिंग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं, जे डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलं. नंतर दुसरीकडे नोकरी लागली. तिथं एकदा रात्री ॲक्सिडेंटची केस आली, दारू प्यालेला. चेहरा पुसला तर ओळखला. माझ्या भावाला ज्यानं चौकात सगळ्यांसमोर मारलं होतं, जात काढून, तोच. भावाचा एक कान तेव्हापासून अधू आहे.

मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या सिस्टरला सांगता आलं असतं, पण त्या रात्री वॉर्डात आम्ही दोघीच होतो आणि ती लेबरला गेलेली. बाहेर आले. स्पंजिंग केलं, उलटी साफ केली, कॅथेटर बघितलं. नऊ दिवस. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं मी कोण. त्यानंतर तो माझ्याकडे बघायचाच नाही, भिंतीकडे तोंड करून हात पुढे करायचा सलाईनसाठी. मला वाटत होतं मी जिंकेन, त्याला लाज वाटेल आणि मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. सातव्या-आठव्या दिवशी त्याची आई डबा घेऊन आली, त्यातली अर्धी भाकरी तिनं मला दिली. ती खाताना लक्षात आलं, की आज सकाळपासून मी त्याला "बेड नंबर सहा" म्हणत नव्हते, नावानं हाक मारत होते.

भावाला सांगितलं तर तो दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचंही बरोबर आहे.

आजऱ्याची माई:
सिस्टर 🙏 काय बोलू.
थोरल्या बाई, करंजीचं सारण कसं करता? आमची दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

बांधावरचा जोंधळा:
मी ख्रिस्ती नाही, वारकरी घर आमचं. पण सांगतो. आमच्या रानाला लागून एका ख्रिस्ती मास्तरांचं रान. बांधावरनं केस. आमच्या आबांनी दगड दोन हात सरकवला होता, हे आता कबूल करतो, आबा नाहीत म्हणून. कोर्टात बारा वर्षं तारखा. मास्तर आमच्या घरावरनं गेले की आबा थुंकायचे. मीही लहानपणी त्यांच्या सायकलची हवा सोडलीय.

आबांच्या किडन्या गेल्या. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात डायलिसिस, आठवड्यातनं दोनदा. मी पुण्याला कंपनीत. गावात गाडी कुणाकडे, तर मास्तरांच्या पोराची रिक्षा. मास्तर स्वतः मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे दारात रिक्षा लावून उभे. पहिल्या दिवशी आबा चढेनात. मास्तरांनी वाकून त्यांच्या पायात चपला घातल्या आणि उचलूनच बसवलं. चौदा महिने.

मी एकदा सुट्टीला आलो तेव्हा विचारलं, मास्तर, तुम्हाला राग नाही का येत? म्हणाले, "येतो की. केस पण चालूच हाय. पण डायलिसिसला आठवड्यातनं दोनदा जायाचंच लागतंय न्हवं."

आबा गेल्यावर मी दगड मागं घेतला. मास्तर मोजायलाही आले नाहीत.

बावड्याचा भैय्या:
जोंधळा भावा, मास्तरांस्नी माझा नमस्कार सांग.

गडहिंग्लजची वाचक:
हे सगळं वाचून ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स आठवल्या. जानेवारी 1999 मध्ये ओडिशात मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमथी, गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळले गेले. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि मुलीला घेऊन बारीपदातच कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. 2005 साली पद्मश्री मिळाली. मी तेव्हा कॉलेजात होते, मला त्यांचा राग आला होता, की ही बाई एवढी शांत कशी. आता कळतं. त्यांनी क्षमा केली तरी खटला चालला आणि गुन्हेगाराला शिक्षा झाली. क्षमा केली म्हणजे न्याय नको असं त्या म्हणाल्या नव्हत्या. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात.

नाव नको:
मी हेच लिहायला आले होते, धीर होत नव्हता. तुमचे अनुभव खरे आहेत, पण माझ्यासारखीला हेच शब्द दगडासारखे लागतात. नवरा मारायचा. माझ्या तेव्हाच्या पाळकांनी सांगितलं, परत जा, नम्रपणे सेवा कर, प्रीती सगळं सहन करते. मी तीनदा परत गेले. तिसऱ्या वेळी मनगट मोडलं. आता मुलीला घेऊन वेगळी राहते, शिवणकाम करते. त्याचे पाय मी धुणार नाही. माझी प्रीती कमी आहे का, सांगा.

टेंबलाईवाडीची थोरली:
नाही गं बाई, अजिबात नाही. माझी जाऊ माझ्या घरात आसऱ्याला आली होती, तिच्या हातात काठी नव्हती. तुझं आणि माझं एक नाही. तुला परत पाठवणाऱ्यांनी चूक केली, मोठी चूक. प्रभूनं शिष्य पेत्राला सत्तर वेळा सात क्षमा कर सांगितलं, पण त्याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आधी हेही आहे, की अपराध करणारा ऐकत नसेल तर दोघा-तिघांना घेऊन जा, मंडळीला सांग. मंडळीनं तुझ्या बाजूनं उभं राहायला हवं होतं. तू मुलीला वाचवलंस. शिवणकामाचं काही असेल तर मला निरोप पाठव, आमच्या स्त्री मंडळाला कॉयरचे झगे शिवायचे आहेत, पंधरा.

मिरजेची सिस्टर:
नाव नको ताई, मनगटाला अजून त्रास होतो का? शिवताना? फिजिओ झाली होती का?

नाव नको:
थंडीत दुखतं. फिजिओ अर्धी सोडली. झगे शिवेन ताई. माप पाठवा. 🙏

आजऱ्याची माई:
मी आजच्या गुड फ्रायडेच्या बाराच्या उपासनेला निघाले. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, यंदा पहिला आमच्या मंडळाकडे आहे. "हे बापा, त्यांना क्षमा कर." महिनाभर लिहीत होते, आणि आज हे वाचून सगळं भाषण बदलावंसं वाटतंय. आता वेळ नाही. मास्तरांची रिक्षा सांगितली तर चालेल का जोंधळेदादा? नाव-गाव घेणार नाही.

बांधावरचा जोंधळा:
सांगा की काकू. दगडाचं पण सांगा.

कळंब्याचा धाकटा:
सकाळपासून तीनदा वाचलं. माझं भावाशी चार वर्षं बोलणं नाही, वडिलांच्या दुकानावरनं. उद्या त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, वहिनी माहेरी अडकलीय, हे मला चुलत्यांकडनं कळलं. फोन लावला दोनदा, रिंग व्हायच्या आत कट केला. जायचं ठरवलंय, रिकाम्या हातानं कसं जाऊ? ऑपरेशननंतर काय खायला चालतं?

मिरजेची सिस्टर:
साधं घरचं काहीही. त्याला वाकू देऊ नका, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. थेंब वेळेवर घालायला कुणीतरी लागतंच, आठवडाभर तरी.

टेंबलाईवाडीची थोरली:
मुगाची खिचडी ने, तूप घालून. लोणचं नको.
माई, करंजीचं सारण जाऊबाईंना विचारून सांगते. यंदा त्यांनीच केलं होतं.

कळंब्याचा धाकटा:
खिचडी मला येत नाही. डाळ किती आणि तांदूळ किती?