शब्दचर्चा : ‘मी लवकर येतो’ यातलं ‘लवकर’ म्हणजे किती?

परभणी :
बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या २२व्या अध्यायात, येशूचं ‘मी लवकर येतो’ तीनदा आलंय (ओव्या ७, १२, २०). आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) अभ्यासात दर डिसेंबरला तोच प्रश्न निघतो : १९०० वर्षं उलटली, मग हे लवकर कसं? काही पुस्तिकांत लिहितात की मूळ शब्द फक्त वेगाचा आहे. आला की झपाट्यानं येईल, एवढंच. हे टिकतं का?

जालना :
ताई, अर्धंच टिकतं. तिथला ग्रीक शब्द ‘ताखू’. तो लगबगीसाठी येतो हे खरं. योहान ११:२९ मध्ये मरिया ‘ताखू’ उठली. पण प्रकटीकरण १:१ मध्ये ‘ज्या गोष्टी लवकर झाल्या पाहिजेत’ इथं त्याचाच भाऊबंद ‘एन ताखै’ आहे. त्याचा अर्थ कृत्ये २५:४ वर ताडून पाहा. रोमन सुभेदार फेस्त म्हणतो, पौल कैसरियात कैदेत आहे, मीही लवकरच तिकडं जाणार. दोन ओव्या पुढं हिशेबच दिलाय : आठ-दहा दिवस राहून तो गेला. ‘निघालो की झपाट्यानं जाईन’ हा अर्थ तिथं बसवून दाखवा!

शिवाय १:३ मध्ये ‘समय जवळ आला आहे’. तिथल्या ‘एंगुस’ला वेगाचा अर्थच नाही. जुन्या करारात दानिएल संदेष्ट्याला सांगितलं होतं, दृष्टान्त गुप्त ठेव, तो बहुत दिवसांनंतरचा आहे (८:२६). प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाला नेमकं उलटं : शिक्का मारू नकोस, समय जवळ आहे (प्रक. २२:१०). त्यामुळं ‘लवकर’मधला काळ काढून टाकणं ही सरळ पळवाट आहे.

उदगीर :
‘येतो’कडंही बघा. मूळ ‘एर्खोमाय’ वर्तमानकाळी आहे आणि आपल्या ‘उद्या येतो’सारखाच भविष्याला चालतो. म्हणून छापील मराठी चोख आहे. खेड्यावर समजावताना कुणीकुणी ‘मी यायलो’ करतात. तसं करू नये. आपल्याकडं ‘यायलो’ म्हटलं की माणूस वाटेला लागलेला असतो. ‘येतो’त तेवढं ठरलेलं नाही.

परभणी :
आणि येशूचं ‘हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही’? (मत्तय २४:३४) पिढी म्हणजे यहूदी वंश, असं शिकवतात.

अंबाजोगाई :
वंशाला ग्रीकमध्ये ‘गेनोस’ हा वेगळा शब्द आहे. इथं ‘गेनेआ’ आहे. मत्तयातच तो कुठं कुठं आलाय ते काढा : ११:१६, १२:४१-४५, २३:३६. सगळीकडं समोरचे, त्या काळचे लोक. मग २४:३४ लाच वंश कसा होईल? सोयीचा अर्थ एकाच ओवीपुरता लावला की अशी फसगत होते.

समोरचे लोक धरले तरी वाक्य अडत नाही. संभाषण यरुशलेमच्या मंदिरावरून सुरू झालंय, चिऱ्यावर चिरा राहणार नाही इथून. ते बोलणं इ.स. ३०च्या सुमाराचं, रोमनांनी यरुशलेम पाडलं ते ७० मध्ये. चाळीसेक वर्षं, म्हणजे एक पिढीच. पुढं सर्वनाम बदलतं ते निसटू देऊ नका : ३४ मध्ये ‘हे सर्व’, ३६ मध्ये ‘त्या दिवसाविषयी’. ‘हे’ पिढीच्या हयातीतलं, ‘तो दिवस’ पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. अर्थात येशूच्या पुन्हा येण्याच्या २९-३१ ओव्या ‘हे सर्व’मध्ये धरायच्या की नाही, यावर भाष्यकारांत फूट आहे. ‘चिन्हं पाहणारी शेवटची पिढी’ असाही एक पक्ष आहे. पण मग ‘ही’ऐवजी ‘ती’ हवं होतं, असं मला वाटतं.

उदगीर :
२ पेत्र ३:८ घेऊन कुणी ‘एक दिवस = १००० वर्षं’ असं गणित मांडत असेल तर तिथंच थांबवा. ओवीत ‘सारखा’ आहे, आणि उलटही म्हटलंय : हजार वर्षं एका दिवसासारखी. स्तोत्र ९०:४ चा तो पडसाद आहे, कोष्टक नव्हे. येशूच्या येण्याची तारीख काढणाऱ्या अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या चळवळीत दुसरं कोष्टक होतं, दिवसाला वर्ष. दानिएल ८:१४ चे २३०० दिवस इ.स.पू. ४५७ पासून मोजले. शून्य वर्ष नसल्यानं उत्तर १८४३ ऐवजी १८४४ आलं. येण्याचा दिवस २२ ऑक्टोबर १८४४ ठरला आणि तसाच गेला.

जालना :
आणखी एक जागा ठेच लागण्यासारखी : पौलाचं थेस्सलनीकाकरांना दुसरं पत्र, २:२, ‘प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे’. आपण परीक्षा येऊन ठेपली म्हणतो तेव्हा ती अजून सुरू झालेली नसते. मूळ ‘एनेस्टेकेन’ मात्र ‘आलेला आहे’ असं सांगतं, पौलाच्याच रोमकरांस पत्रात (रोम.) ८:३८ मध्ये याच धातूचं रूप ‘वर्तमानकाळच्या गोष्टीं’साठी, भविष्याच्या विरुद्ध, आलंय. म्हणजे पौल ‘दिवस जवळ आहे’ हे खोडत नाही. रोम. १३:१२ मध्ये तो स्वतःच ‘दिवस जवळ आला आहे’ म्हणतो. तो खोडतो ती ‘दिवस आला, सुरू झाला’ ही अफवा.

परभणी :
मग ठेपला काढून काय घालायचं?

जालना :
वाचताना छापील तेच वाचा. समजावताना ‘दिवस उजाडला म्हणे’ असं सांगा, लगेच कळतं.