रंगवायची पुस्तकं इतक्यात नकोत

दीड वर्षाच्या लेकीला रंगवायचं पुस्तक द्यावं का, या एका आईबाबांच्या प्रश्नावर कुणीतरी ‘रेषेच्या आत रंगवायची’ सवय आत्तापासूनच लावा, असं सुचवलंय, ते मला मुळीच पटत नाही. या वयात मूल खडू मुठीत धरतं आणि हात खांद्यापासून फिरवतं. बंद गोल जमायलाच साधारण तीन वर्षं होतात. तिला गिरगटू द्या, आणि ‘हे काय काढलंस?’ विचारू नका.

आम्ही बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका छापखान्यातून उरलेले मोठे कागद आणतो आणि भिंतीवर आमच्या लेकीच्या छातीच्या उंचीला चिकटवतो. उभ्या कागदावर मनगट आपोआप नीट वळतं. रंग घरचेच. मैद्याची पातळ खळ शिजवायची, गार झाली की वाट्यांत घालून एकीत हळद, एकीत बीटाचा रस, एकीत पालकाचा. बोट तोंडात गेलं तरी धास्ती नाही. रांगोळीचे रंग मात्र चुकूनही देऊ नका, ते पोटात जाण्यासाठी नसतातच. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, घाबरू नका, कपडा कडक उन्हात वाळवला की बराचसा उडतो. उरलेली खळ फ्रीजमध्ये ठेवा, आंबूस वास आला की टाकून द्या.