गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतंय, दात साफ करून घेऊ का?

दांडियाबाजारची सून:
नमस्कार. मला अठरावा आठवडा चालू आहे. गेला महिनाभर, ब्रश केला की बेसिन लाल होतं. काल पेरूची फोड चावली, तर पांढऱ्या गरावर दातांची अख्खी रांग रक्ताने उमटली. थोरली दिवस भरायच्या महिनाभर आधी झाली, २ किलो १०० ग्रॅमची. तेव्हाही हिरड्या अशाच सुजायच्या, मी कुणाला बोलले नाही. दाताच्या डॉक्टर म्हणतात, बधिर करून हिरडीच्या आतपर्यंत साफ करावं लागेल. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना दाताला हात लावायचा नाही. कुणाचं ऐकू? आणि थोरली माझ्या हिरड्यांमुळेच अशक्त जन्मली का? रात्र रात्र हेच डोक्यात असतं.

मांजलपूरची दंतवैद्य:
ताई, साफ करून घ्या, आणि आताच घ्या. १४ ते २० आठवडे हा त्यासाठी सगळ्यात सोयीचा काळ. ओकाऱ्या थांबलेल्या असतात, पोटाचा भार नसल्याने खुर्चीत उताणं पडता येतं. बधिर करायचं लिडोकेनचं इंजेक्शन चालतं.

हिरड्यांचा बाळाशी संबंध आहे तो असा. हिरडी दातापासून सुटली की मध्ये खिसा होतो, त्यात जंतू साठतात आणि चावताना, ब्रश करताना रक्तात उतरतात. हिरडीतला फ्युसोबॅक्टेरियम हा जंतू वारेतही, म्हणजे पोटात बाळाला पोषण पुरवणाऱ्या अवयवातही, सापडलेला आहे. सुजेची रसायनंही रक्तातून तिथवर जातात. वारेलाच सूज आली तर बाळाचं पोषण कमी पडू शकतं, कळा लवकर सुरू होऊ शकतात.

पण थोरलीचं खापर हिरड्यांवर फोडू नका. २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला. निम्म्यांच्या हिरड्या २१ आठवड्यांच्या आत साफ केल्या, बाकीच्यांच्या बाळंतपणानंतर. बाळांना अपाय झाला नाही, हिरड्या सुधारल्या. पण अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं घटली नाहीत, वजनातही फरक पडला नाही. म्हणजे हिरडी हे एकटं कारण नव्हे. एक विचारते, रागावू नका. मशेरी लावता का?

दांडियाबाजारची सून:
माहेर कऱ्हाडकडचं. थोरलीच्या वेळी लावत होते. दोन वर्षांपूर्वी सोडली.

मांजलपूरची दंतवैद्य:
सोडलीत हे फार मोठं केलंत. तंबाखूने हिरड्याही बिघडतात आणि बाळाचं वजनही घटतं, म्हणून तर यातलं नेमकं कशाने झालं हे सांगता येत नाही. मागचं बाळंतपण कितव्या आठवड्यात झालं आणि वजन किती होतं, हे तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाळाच्या वाढीवर त्या जास्त लक्ष ठेवतील. ते हिरड्यांपेक्षा महत्त्वाचं.

रावपुऱ्याची आई:
रक्त येतं म्हणून मी ब्रश करणंच सोडलं होतं, तसं करू नकोस गं. मऊ ब्रश घे. मी पाचव्या महिन्यात दात साफ करून घेतले तेव्हा सासूबाईंना सोबत नेलं. डॉक्टरांनी आरसा धरून त्यांना माझ्या दाताखालचा तपकिरी थर दाखवला. घरी आल्यावर त्यांनीच मिठाचं कोमट पाणी करून दिलं.

दांडियाबाजारची सून:
शनिवारी ११ ची वेळ घेतली. सासूबाई अजून हो म्हणालेल्या नाहीत, पण रिक्षा कितीला सांगायची ते विचारत होत्या.